बर्फात नेलेली बाटली

लोहारा रोड, यवतमाळ
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

अय्यूब,

फोन तू उचलत नाही, म्हनून कागद लिहून राह्यलो. कागद कट करता येत नाही. फाडशीन तं फाड, पन आधी वाच. उमरखेडच्या गाडीवर रामधन कंडक्टर हाय, त्याच्या हाती देतो. तो तुह्या दारावरूनच घरी जाते.

पयलेच सांगतो, माफी मागायले लिहित नाही. त्या पोलिओच्या दिवशी तू आपली लशीची जीप लिंबाखाली लावली, साळ्यासंग चहा पेत बसला, आन लशीचा डब्बा बोनेटवर उन्हात राह्यला. म्या झाकन उघडलं तं बर्फाचं पानी झालतं. साहेबाले लिहून कळवलं. तुले मेमो भेटला, झरीले बदली झाली, आन तवापासून तू मले पाहून रस्ता बदलते. बदल बाप्पा. डब्बा गरम होता म्हंजे होता.

मंग लिहून काहून राह्यलो? कारन आज जे झालं ते सांगायले दुसरा मानूसच नाही. बर्फ काय चीज असते हे उमरखेडात दोघांलेच समजते. एक मी, आन दुसरा तू, मेमो भेटल्यावर का होईना.

इंदूले बरं नाही. तिले ताप येऊन राह्यला होता, लघवीले आग होत होती, अन् बाई बोलली नाही. "कापसाची वेचनी होऊ द्या, मंग पाहू," हेच तिचं. आज सकाळी हुडहुडी भरली ते गोधडीवर गोधडी टाकली तरी थांबे ना. मले म्हने, "भाऊजी, ते घरी नाहीत." नवऱ्याले भाऊजी म्हने, अय्यूब! तशीच उचलून बाबूसिंग डॉक्टरच्या दवाखान्यात नेली. 

डॉक्टर म्हनला, जंतू रक्तात शिरले. इंजेक्शन देतो, पन त्याच्या आधी रक्त घेऊ दे. दोन्ही हाताचं, दोन बाटल्यांत. यवतमाळले लोहारा रोडवर लॅब हाय, तिथं कोन्ता जंतू आन कोन्त्या औषधानं मरते ते आता लवकर सांगतात. नेनारा पोरगा सुट्टीवर होता. म्या म्हनलं, मी असताना पोरगा कायले पाहिजे? जलमभर हेच केलं ना आपन!

एका हाताचं रक्त निंगालं. दुसऱ्या हाताची नस भेटे ना. सिस्टर म्हने, काका थांबा. पन तिकडं गाडीचा हॉर्न वाजून राह्यला होता, थांबतो कसा? एक बाटली घेतली आन पळालो. वाटंत घर लागते, तिथून आपला निळा डब्बा उचलला. तोच, रिटायर होताना मांगून घेतलेला. फ्रिजात इंदूच्या वाटान्याले जागा नाही, पन माहे आईसपॅक अजून त्यात असतात. इंदू यावरून रोज बोलते मले. आज मी मनात म्हनलं, पाय, आले का नाही कामी!

चारी बाजूनं आईसपॅक लावले. सावलीची सीट धरली. डब्बा मांडीवर. आर्णीले गाडी थांबली तं चहाले उतरलो नाही, हे मुद्दाम तुले सांगून राह्यलो.

लॅबच्या खिडकीत तोंडाले मास्क लावलेली एक पोट्टी होती. म्या डब्बा ठेवला, झाकन उघडलं, आन छाती फुगवून म्हनलं, "पाय माय, बर्फाचा एक थेंब वितळला नाही."

तिनं बाटली हातात घेतली आन तिचा चेहराच उतरला. "आजोबा," म्हने, "हे बर्फात काहून ठेवलं?"

"काहून म्हंजे? खराब होऊ नाही म्हनून!"

"अहो, यातले जंतू आपल्याले जित्ते पाहिजेत. थंडीनं ते अखडतात. ही बाटली नुसती झोळीत टाकून आनली असती तं चाललं असतं."

अय्यूब, कोनी कानाखाली वाजवली असती तं बरं वाटलं असतं. मी तसाच उभा. मागून लोक म्हनून राह्यले, काका सरका.

मंग ती मास्क खाली करून पाहत राह्यली. "तुम्ही लशीवाले मारोतराव ना? मी अय्यूब दादाची कहकशां." तुही नात! ह्याच पोट्टीच्या तोंडात म्या पोलिओचे थेंब टाकलते, आन तिनं माह्या अंगठ्याले कडकडून चावा घेतलता. तिले वाटलं मी आता रडतो. आतून खुर्ची आनून देल्ली. म्हने, "मेले नसतील आजोबा, झोपले असतील. गरम मशीनीत ठेवते. पन उठायले किती वेळ घेतील ते माह्या हाती नाही."

संध्याकाळी इंदूलेच ॲम्ब्युलन्सनं इथं आनलं, लॅबच्याच दवाखान्यात. बीपी खाली गेलं. इथला डॉक्टर सरळ मानूस हाय. म्हनला, जे इंजेक्शन चालू हाय ते अंदाजानं हाय. अंदाज बरोबर निंगाला तं ठीक. चुकला तं दुसरा अंदाज करायले आपल्याजवळ वेळ नाही. रिपोर्ट लवकर पाहिजे.

आन रिपोर्ट माह्या बर्फात गोठून बसला. मी निंगाल्यावर सिस्टरनं इंजेक्शनाच्या आधी दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं होतं, पन ॲम्ब्युलन्सच्या घाईत ती बाटली तिकडंच टेबलावर राह्यली. आता नवं रक्त घ्यावं तं त्यात औषध गेलेलं, जंतू धड उगवतील याचा भरोसा नाही. कहकशांनं इचारलं, "उमरखेडात कोनी हाय का, पयल्या गाडीनं बाटली आननारं?" पोरगी आमची सुरतले. डॉक्टरचा पोरगा सुट्टीवर. एक नाव माह्या तोंडापर्यंत आलं, पन बाहेर निंगालं नाही. ती म्हने, "ठीक हाय, मी पाहते."

इंदू डोळे उघडून राह्यली नाही. हात धरला तं ओळख देत नाही.

मारोती


लोहारा रोड, यवतमाळ
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

अय्यूब,

रामधन म्हने, कागद तुह्या सुनेच्या, रशीदाच्या हाती देल्ला, तू घरी नव्हता. अंधार असतानाच कुठी निंगून गेलता म्हने. इतक्या थंडीत कुठी हुंदडते रे म्हातारपनी? छातीचा त्रास हाय ना तुले? असो. मले काय करायचं.

दुसरी बाटली आली! काल सकाळी मी वार्डाबाहेर बाकड्यावर जरा आडवा झालतो, तेवढ्यात कोनीतरी खिडकीवर देऊन गेलं. कहकशांले म्हनलं कोन होता, तं म्हने, "उमरखेडचे होते एक. नाव सांगू नको म्हनले." डॉक्टरचा कंपाउंडर असन. ज्याची लेक-सून असन तिले सुखी ठेव म्हनून म्या तिथंच हात जोडले.

आता जे पायलं ते सांगतो. बसून वाच.

मशीन म्हंजे एक कपाट हाय, गरम. त्यात बाटल्या आडव्या घातलेल्या, सारख्या हलून राह्यल्या. बाटलीच्या बुडाले एक गोल ठिपका असते. आत जंतू वाढले का ते श्वास सोडतात, आन त्या श्वासानं ठिपक्याचा रंग पालटते. मशीन एका डोळ्यानं तेवढंच पाहत असते, आन रंग पालटला का वाजते. बाटलीत रक्त कोनाचं? आपल्या इंदूचं. आन त्यात दुसरंच कोनी श्वास घेऊन राह्यलं. मले झिनझिन्या आल्या.

माही बाटली मुकी बसून होती. दुसरी मात्र जेवनाच्या टायमाले वाजली. कहकशां दार उघडून म्हने, "आजोबा, या. सरांले इचारलं म्या." मले अंगरखा देल्ला, डोक्याले टोपी देल्ली, आन काचेच्या पलीकडे स्टुलावर बसवलं. "हात कुठीच लावायचा नाही," म्हने. कोनाची नात हाय! तू बी स्टेअरिंगले हात लावू द्यायचा नाही.

एक थेंब काचपट्टीवर घेतला, रंग चढवला, धुतला, आन मले दुर्बिनीत पाहायले लावलं. आधी काही दिसे ना. मंग तिनं चाक फिरवलं आन दिसलं. गुलाबी काड्या. बारीक, एकसारख्या, जिकडंतिकडं. हेच ते. ज्यांनी माह्या बायकोले माहं नाव विसरवलं ते हे, आन दिसायले किती सुंदर! अय्यूब, म्या हात जोडले. कायले जोडले ते मले माहीत नाही. शिव्या द्यायच्या होत्या खरं तं.

कहकशां म्हने, पयले यापुढं वाट पाहावी लागे. थेंब ताटलीत लावायचा, रातभर जंतू उगवू द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यातले उचलायचे, औषधांसमोर ठेवायचे, पुन्हा एक रात्र. "तोपर्यंत कधीकधी पेशंटच राहायचा नाही आजोबा," म्हने. आता तसं नाही. बाटलीतला थेंब सरळ ताटलीवर पसरला, त्यावर कागदाच्या बारक्या टिकल्या ठेवल्या. एकेका टिकलीत एकेक औषध. ताटली गेली गरम पेटीत, आन त्याच दिवशी सांजेपर्यंत वाचायची. "आम्ही जंतूंलेच इचारतो," म्हने, "कोनाले भेता तुम्ही?"

"ते सांगतात?"

"खोटं सांगता येत नाही त्यांले."

मंग मी इंदूजवळ जाऊन बसलो. हातपाय थंड, डोकं भट्टी. लघवीची पिशवी जवळपास रिकामी. सिस्टर येऊन पाहून जाये. मले भेव वाटलं, अय्यूब. लय भेव वाटलं. जलमभर तिनं माह्या आधी उठून चूल पेटवली, आन मी तिच्या फ्रिजात आईसपॅक भरले. तिले म्हनलं, "उठ ना व, सगळे फेकून देतो." ती काही उठली नाही.

सांज होता होता बोलावनं आलं. कहकशांनं ताटली दिव्यापुढं धरली. दुपारी ती ताटली साफ होती, म्या डोळ्यानं पायली होती. आता सगळीवर बारीक धुकं चढलं होतं. ते धुकं म्हंजे जंतू. कोट्यवधी म्हने. एका दुपारी!

"आता टिकल्या पाहा," म्हने. एका टिकलीपर्यंत धुकं पार चिकटून आलं होतं. टिकलीले काही समजतच नव्हते ते. "हे कोन्तं औषध?" म्हनलं. ती माह्याकडं पाहून हळू म्हने, "जे आजीले चालू हाय ते."

आदल्या दिवसापासून सलाईनमधून जे तिच्या अंगात जाऊन राह्यलं होतं, ते जंतूंले पान्यासारखं होतं. आपल्या बोंडअळीचं आठवलं मले. फवारा मारून घरी येते मानूस, आन ती बोंडात आरामात बसलेली असते. 

माहं तोंड पाहून तिनं ताटली फिरवली. "रडू नका. इकडं पाहा." दुसऱ्या एका टिकलीभोवती गोल, साफ, काळी जागा होती. कंपासानं काढल्यासारखी. तिथं धुकं नाही. एक जंतू नाही. त्या कडेपर्यंत आले आन थांबले. कोनी आडवलं? काहीच दिसत नव्हतं आडवनारं! कागदाची एवढीशी टिकली मधात बसून होती, बस.

तिनं पट्टीनं तो गोल मोजला. सरांनी येऊन पुन्हा मोजला, पुस्तकाशी ताडून पायला, आन तिथूनच वार्डात फोन लावला. मी जिना चढून वर गेलो तं सिस्टर जुनी बाटली काढून नवी टांगत होती. मी खिडकीशी उभा राहून ते थेंब पाहत राह्यलो. एकेक थेंबाले म्हनलं, जा बाप्पा, जा.

आपन जलमभर गावोगाव लस नेली. थंड ठेवली म्हंजे पोट्टे जगतात, एवढंच शिकलो, आन खरंच शिकलो. पन दुश्मनाले सुद्धा गरम ठेवून, खाऊ घालून, वाढवून इचारावं लागते हे माह्या डोक्यात आलंच नव्हतं. हे तुह्या नातीनं दाखवलं. तुले अभिमान वाटाले पाहिजे. वाटते का नाही ते लिहू नको, तुहं अक्षर मले वाचता येत नाही.

ताप अजून हाय. डॉक्टर म्हने, आजची रात्र जाऊ द्या.

मारोती


लोहारा रोड, यवतमाळ
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

अय्यूब,

इंदू उठली.

काल सकाळी डोळे उघडले, माह्याकडं पायलं आन म्हने, "दाढी काहून नाही केली?" मी बाहेर जाऊन रडलो. हे तुलेच सांगून राह्यलो, बाकी कोनाले सांगशीन तं पाय. ताप उतरला, लघवी होऊन राह्यली, बीपी वर आलं. दुपारी भाताची पेज पेली आन मीठ कमी हाय म्हनून सिस्टरले बोलली. डॉक्टर हसला. म्हने, बुधवारी औषध बदललं म्हनून ही बाई आज भांडून राह्यली. एक दिवस उशीर झाला असता तं मी शब्द देल्ला नसता.

आन ऐक, माहीवाली बाटली गुरुवारी वाजली. दुसरीच्या पाठीमागे एक अख्खा दिवस! कहकशां सांगायले आली तवा मी इंदूच्या कपाळावर पट्टी ठेवत होतो. त्यातबी तेच जंतू, तेच उत्तर. झोपले होते, उठले. फक्त उशिरा उठले. म्या तो दिवस मनात मोजून पायला. तेवढी एकच बाटली असती तं आज हा कागद म्या कोनत्या तोंडानं लिहिला असता?

आता मुद्द्यावर येतो.

काल सांजेले लॅबमंधी पेढे द्यायले गेलतो. कहकशांच्या टेबलामागं खुंटीले एक कानटोपी लटकलेली. हिरवी, आन कानाजवळ लाल पट्टा. अय्यूब, ती टोपी हजार टोप्यांत ओळखीन मी. इंदूची हिरवी लोकर सरली होती, म्हनून तिनं कानाजवळ लाल लावली, आन तू म्हनला होता, "भाभी, सिग्नल बनवला माहा." सकाळच्या गाडीवर तुले थंडी वाजे म्हनून विनली होती तिनं. मेमोच्या आधी. तू अजून घालते ती?

म्या कहकशांले म्हनलं, खरं सांग. ती आधी पेढाच खात राह्यली. मंग म्हने, "मंगळवारी म्या दादाले फोन केला. म्हनलं बाटली आनायची हाय, बर्फात ठेवायची नाही. त्यांनी फक्त इचारलं, कोनाची? म्या इंदू आजीचं नाव घेतलं. लगेच फोन ठेवून देल्ला."

तुले ती म्हनली होती, बर्फ नको. एवढंच. झोळीत टाकून आनली असती तरी चाललं असतं. पन तू डोक्यावरची टोपी काढली, बाटली तिच्यात गुंडाळली, बनियनच्या आत छातीशी धरली, आन उघड्या डोक्यानं त्या थंडीत पयल्या गाडीनं आला. ती सांगे, खिडकीवर बाटली काढून देल्ली तं टोपी तुह्या अंगाच्या उबेनं गरम होती. मंग वार्डाच्या दारात जाऊन इंदूले लांबून पायलं. बाकड्यावर मी घोरत होतो, मलेबी पायलं. आन निंगून गेला. अबे बयताडा, हलवून उठवता येत नव्हतं का?

मी इकडं कंपाउंडरले आशीर्वाद देऊन राह्यलो, आन त्याच कागदात तुलेच इचारून राह्यलो, म्हातारपनी कुठी हुंदडते म्हनून. तू घरी पोचून माहा पयला कागद वाचला असशीन तवा हसला का रे? हसलाच असशीन. म्या त्यात लिहिलं होतं, डब्बा गरम होता म्हंजे होता.

ते मी आजबी म्हनतो. साहेबाले लिहिलेलं वापस घेत नाही. लस होती ती, थंडच पाहिजे होती. पन ही बाटली तू गरम आनली म्हनून माही बायको आज मिठावरून भांडून राह्यली, आन मी जे जलमभराचं शहानपन डब्ब्यात भरून आनलं ते गुरुवारपर्यंत झोपून राह्यलं. दोन्ही खरं हाय. दोन्ही माह्या छातीवर बसून हाय. रात्री डोळा लागत नाही, आन तरीबी इतका आनंद हाय का कोनाले सांगू असं होते. म्हनून तुलेच सांगून राह्यलो.

इंदूले सगळं सांगतलं. टोपी तिच्या हातात देल्ली. तिनं लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं, एक टाका उसवला होता तो दाखवला, आन मले म्हने, "तुमच्या त्या तक्रारीत अय्यूब भाऊचा चहा लिहिला होता ना? आता त्यांच्या घरचा चहा तुम्ही पेसान, आन गरम हाय म्हनून तक्रार करसान तं पाहा." म्या कान धरले.

टोपी रामधनाच्या हाती पाठवनार होतो. ती पाठवू देत नाही. उसवलेला टाका घालायले तिनं सिस्टरजवळ सुई मांगितली हाय, लोकर कहकशां आनून देनार हाय, लालच. सोमवारी सुट्टी देतो म्हनतात. गाडीतून उतरलो का आधी तुह्या घरी येतो, दोघंबी. इंदूले पायऱ्या चढवनार नाहीत, अंगनात खाट टाकून ठेव.

फोन नको उचलू. दार तेवढं उघडजो.

तुहा
मारोती